उतारवयातले डास

साठी उलटेपर्यंत मला डास चावत होते, पण लागत नव्हते. हा फरक आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठावरच्या आमच्या गावात बर्फ वितळलं की जमिनीतून दोन गोष्टी वर येतात, एक रुबार्बचे आंबट देठ आणि दुसरे डास. रुबार्बचा निदान मुरंबा तरी होतो.

आमच्याकडे माणसाची पारख डासांत उभं करून होते. डोक्याभोवती ढग घोंगावत असताना जो न हलता, न झटकता शेजाऱ्याशी होडीच्या इंजिनाबद्दल बोलू शकतो, तो खरा गडी. मी त्यातला. शाळेत उपमुख्याध्यापक होतो तेव्हा संध्याकाळच्या सामन्यांना पालक हातपाय झाडत नाचत असायचे आणि मी हात मागे बांधून पुतळ्यासारखा उभा. माझी बायको सिग्रुन म्हणायची, "डासांनाही तुझ्या शिस्तीची भीती वाटते, ओरेस्ट." मी ते कौतुक समजत असे.

मग त्या जूनमध्ये कर्लिंग क्लबची सहल आली. बर्फावर जड दगड सरकवायचा हा खेळ; उन्हाळ्यात बर्फ नसतं, त्यामुळे कर्लिंगवाल्यांना दुसरा उद्योग नसतो. ते सॉसेज भाजतात. तिथे माझ्या डाव्या पापणीवर एक डास बसला. शिरस्त्याप्रमाणे मी त्याला बसू दिलं. तो पिऊन उठला, मी सॉसेज संपवलं, घरी येऊन झोपलो. सकाळी डोळे उघडले, तर एकच उघडला.

"सिग्रुन," मी हाक मारली, "माझा डोळा कुठे गेला बघ जरा."

सिग्रुनची सारी हयात नर्स म्हणून गेली. तिने आधी पोटभर हसून घेतलं आणि मग तपासलं. लग्नापासून तिचा हाच क्रम आहे.

"काय चावलं?"

"डास."

"डास? तुला?"

त्या 'तुला'मध्ये माझ्या आयुष्यभराच्या कीर्तीचं श्राद्ध होतं. आरशात पाहिलं तर पापणीची उकडलेली पेरोगी झालेली. काठ नीट दाबून बंद केलेले आणि आत सारण गच्च.

अशा अवस्थेत माणसाने घरात बसावं. पण दूध संपलं होतं. कोऑपच्या दुकानात आमचा शेजारी मेट्रो भेटला. मेट्रो पावलुकचं पाळण्यातलं नाव दिमित्रो, पण आम्हा युक्रेनी लोकांत प्रत्येक दिमित्रोचा मेट्रो होतो, आणि हा मेट्रो नको तिथे नेमका वेळेवर पोचतो.

"कोणी मारलं?" त्याने विचारलं.

"डासाने."

"बरं." त्याने टोपी जराशी मागे सारली. "नाव घ्यायचं नसेल तर नको घेऊस. सिग्रुनचा हात भारी आहे, कर्लिंगला बघितलाय मी."

दुपारपर्यंत गावभर झालं, की आमच्या, म्हणजे प्रोकोपचुकच्या, घरात भांडण झालं आणि सिग्रुन जिंकली. संध्याकाळी दोन बायका सिग्रुनला भेटून, तिचा हात हातात घेऊन, "तू बरी आहेस ना?" असं विचारून गेल्या. माझी चौकशी कोणी केली नाही.

पापणी उतरली तसं मनगट चढलं. घड्याळ साबण लावून काढावं लागलं. मग घोट्याची पाळी आली आणि मी चर्चला एका पायात बूट आणि दुसऱ्यात सिग्रुनची सपात घालून गेलो. शेवटी तिने मला धरून डॉक्टर न्वोसूंकडे नेलं. ह्या बाई उष्ण प्रदेशातल्या लेगोसहून आमच्याकडे आल्या आणि दोन हिवाळे काढूनही राहिल्या, म्हणून गाव त्यांना फार मानतं.

"असं होतं," त्या म्हणाल्या. "शरीर आयुष्यभर एखादी गोष्ट सोसतं आणि एक दिवस म्हणतं, आता बास. कुठल्याही वयात होऊ शकतं."

"पण साठ वर्षं आमचं नीट चाललं होतं."

"घटस्फोटाच्या वेळी लोक असंच म्हणतात." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. "श्वास लागला, घसा आवळल्यासारखा झाला किंवा चक्कर आली, तर क्षणभरही न थांबता हॉस्पिटल गाठायचं. एरवी उपाय सोपा आहे, डास टाळा."

"डॉक्टर, तुम्ही इथेच राहता ना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर प्रोकोपचुक, डासांत माझा जन्म गेलाय. तरी इथल्या पहिल्या उन्हाळ्यात मी आईला फोन करून रडले होते. टाळता येतील तेवढे टाळा."

आता सल्ल्यांबद्दल. आमच्या गावात पैसे उसने मिळणार नाहीत, शिडी मिळणार नाही, पण सल्ला दारात आणून मिळतो. कोणी म्हणालं, लसूण खा. मी इतका लसूण खाल्ला की सिग्रुन पाहुण्यांच्या खोलीत झोपायला गेली आणि डास माझ्याबरोबर राहिले. कोणी सांगितलं, कपडे वाळवायच्या यंत्रात टाकतात तो सुगंधी कागद टोपीत खोच. त्याने मला धुतलेल्या चादरीचा वास यायला लागला आणि डासांना बहुतेक स्वच्छ जेवण आवडत असावं. मेट्रोचा सल्ला होता, की मी कायम त्याच्या शेजारी उभं राहावं, कारण त्याचं रक्त गोड आहे. डास त्याला सोडून मला चावले तेव्हा त्याचाच अपमान झाला. आठवडाभर तो माझ्याशी कमी बोलला.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण संध्याकाळचं काय करायचं? आमचा उन्हाळा म्हणजे दोन हिवाळ्यांमधली मधली सुट्टी. रात्री दहापर्यंत उजेड असतो. तेवढे दिवस जेवण झालं की मी आणि सिग्रुन मागच्या गवतावर दोन खुर्च्या टाकून बसायचो, मेट्रो सूर्यफुलाच्या बिया फोडत यायचा, आणि कुंपणापलीकडे अम्मा गुडनी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्या गप्पांत भाग घ्यायच्या. आइसलंडी घरांत आजीला अम्मा म्हणतात. गुडनी स्वेन्सन साऱ्या गल्लीच्या अम्मा. नवरा गेल्यापासून एकट्या राहतात, आणि त्यांना गावातलं सगळं माहीत असतं, घडायच्या थोडं आधीच.

आता मी घरात, काचेआड. बाहेर सिग्रुन एकटी खुर्चीत. मधल्या सुट्टीत वर्गात डांबून ठेवलेल्या पोराला कसं वाटतं हे मला इतक्या वर्षांनी समजलं. मी पोरं डांबायचो तेव्हा त्यांच्या तोंडावर असा भाव असायचा खरा, पण मला तो पश्चात्ताप वाटायचा.

म्हणून आधी मी जाळीची टोपी आणली. डोक्यावरून खांद्यापर्यंत जाळी, खाली पांढरा सदरा, हातमोजे, विजार मोज्यांत खोचलेली. त्या वेषात दोन दिवस बागेला पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडची बाई बरणी घेऊन दारात आली.

"मध कधी निघेल?" तिने विचारलं.

"कसला मध?"

"बरं, बरं. आम्ही कोणाला सांगणार नाही," ती म्हणाली आणि डोळा मारून बरणी ठेवून गेली.

टोपीत जेवता येत नाही, कॉफी पिता येत नाही आणि सिग्रुन म्हणाली तिला अनोळखी माणसाशेजारी बसल्यासारखं वाटतं. तेव्हा मी ठरवलं, की घराच्या पाठीमागे जाळीचा छोटासा व्हरांडा बांधायचा. चार खांब, वर छप्पर, चहूकडे बारीक जाळी. आठवड्याभराचं काम. मेट्रो मदतीला आला. त्याला बांधकामाचा अनुभव होता: मासे धुरावर सुकवायचं त्याचं खोपटं त्याने स्वतः बांधलंय, आणि ते कुठल्या अंगाला कललंय यावरून गल्लीतले लोक वाऱ्याची दिशा सांगतात.

खांब उभे राहिले. वरच्या तुळया चढल्या. मी टोपी घालून हातोडा मारत होतो, मेट्रो खाली बसून तुळई सरळ आहे की नाही यावर मत देत होता, तेवढ्यात नगरपालिकेची गाडी दारात थांबली. डार्ला एयोल्फसन उतरली. गावातले नियम पाळले जातात की नाही हे पाहायचं काम तिच्याकडे असतं. ती माझी विद्यार्थिनी.

"मिस्टर प्रोकोपचुक, तुम्ही परवान्याशिवाय मधमाशा पाळल्यात अशी तक्रार आलीय."

"माझ्याकडे फक्त डास आहेत, डार्ला."

"त्यांना परवाना लागत नाही." तिने बागेत फेरी मारली. बरणीकडे जरा वेळ पाहिलं. मग तिची नजर खांबांकडे गेली. "हे काय आहे?"

"व्हरांडा."

"परवानगी?"

"व्हरांड्याला? एवढ्याशा?"

"मी त्याला तेच सांगत होतो," मेट्रो म्हणाला. त्याने असं काहीही सांगितलं नव्हतं.

डार्लाने खिशातून टेप काढला. खांबापासून अम्मा गुडनींच्या कुंपणापर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. व्हरांडा हद्दीला वीतभर जास्त जवळ होता. मी म्हणालो, वीतभर म्हणजे अंदाजे बरोबरच.

"सर, 'अंदाजे म्हणजे चूक', असं तुम्हीच वर्गात सांगायचात," ती म्हणाली, आणि माझ्या खांबावर काम थांबवण्याची लाल नोटीस चिकटवून गेली. भूमिती शिकवताना शिक्षकाने जरा पुढचा विचार करावा.

आता वीतभर सूट हवी असेल तर नगरपालिकेच्या सभेपुढे जायचं, आणि शेजाऱ्यांना हरकत असेल तर त्यांनी तिथे येऊन सांगायचं. मी निर्धास्त होतो. शेजारी कोण, तर अम्मा गुडनी. त्यांच्या घरापुढचं बर्फ मी कित्येक वर्षं ओढलंय. पण चार दिवसांनी डार्लाचा फोन आला. मिसेस स्वेन्सन हरकत घेणार होत्या.

मी टोपी घालून कुंपणापाशी गेलो. अम्मा खिडकीत होत्या.

"अम्मा, तुमची हरकत आहे म्हणे?"

"आहे."

"काय आहे?"

"सभेत सांगेन."

"आत्ता सांगा ना."

"इथे कशाला? तिथे कॉफी असते." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. इतक्या वर्षांत जुलै महिन्यात त्यांची खिडकी बंद झालेली मी पहिल्यांदा पाहिली.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. व्हरांड्याचं जाऊ दे, पण ती बंद काच मनाला लागली. सिग्रुनला विचारलं, आपण काही बोललो का त्यांना? ती म्हणाली, "तू हल्ली कोणाशी बोलतोसच कुठे?"

मेट्रोने डावपेच सुचवला. "सभेआधी थोडा चावून घे. सुजून जा. बघितल्यावर कोण नाही म्हणेल?"

"मी माझं तोंड पुरावा म्हणून वापरणार नाही," मी बाणेदारपणे म्हणालो. मी भाषण लिहिलं. उत्तम भाषण होतं. आरशासमोर म्हणून पाहिलं, तेव्हा माझंच मत बदललं. आधीही ते माझ्याच बाजूने होतं, पण आता जास्त झालं.

सभेच्या संध्याकाळी सभागृहाचं वातानुकूलन बिघडलेलं होतं आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. गाव लोटलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात दुसरी करमणूक नसते, आणि अम्मा गुडनी प्रोकोपचुकविरुद्ध उभ्या राहणार ही बातमी तोवर पलीकडच्या गावातही पोचली होती.

नगरपालिकेच्या प्रमुखांना गाव सरपंचबाईच म्हणतं; त्यांनी विषय पुकारला. लगेच सदस्य श्युचुक उठले. हे विहिरीचे पंप विकतात आणि प्रत्येक गोष्टीला विरोध करतात, स्वतःच्या सूचनांनाही.

"डासांची अ‍ॅलर्जी!" ते म्हणाले. "आपण सगळे इथेच वाढलो. आज याला डास सोसत नाहीत म्हणून वीतभर सूट. उद्या कोणी म्हणेल मला हिवाळा सोसत नाही. त्याला काय, फ्लोरिडा द्यायचा?"

सभागृह हसलं. मी उठलो. कोटाचं बटण लावलं. शाळेच्या मैदानावर उभा राहायचो तसा ताठ उभा राहिलो.

"माननीय सरपंच, सन्माननीय सदस्य," मी सुरुवात केली, आणि त्याच वेळी माझ्या खालच्या ओठावर काहीतरी टोचलं.

दुसरा कोणी असता तर त्याने झटकलं असतं. पण मी 'सन्माननीय' म्हणत होतो आणि त्या वाक्यात स्वतःच्या थोबाडीत मारून घेणं बरं दिसलं नसतं. मी बोलत राहिलो. आपल्या आयुष्यात संध्याकाळचं स्थान काय, इथून सुरुवात केली. हळूहळू मला जाणवलं, की ओठ आपल्या आधी पुढच्या वाक्यात पोचतोय.

"आफल्या फूर्वजांनी," मी म्हणालो, "या भूभीवर..."

पुढच्या रांगेतली बाई खुर्चीत मागे सरकली.

"मोठ्याने!" मागून कोणीतरी ओरडलं.

"भी, ओरेस्त फ्रोकोफचुक..." मी म्हणालो, आणि थांबलो. साठ वर्षं वापरलेलं नाव मला म्हणता येईना. ओठ आता माझा मलाच नाकाखाली दिसत होता.

सिग्रुन उठून पुढे आली. या वेळी ती आधी हसली नाही. "श्वास लागतोय? घसा? चक्कर?" तिने माझा चेहरा दिव्याकडे वळवून पाहिला, जीभ पाहिली, नाडी धरली, पिशवीतून गोळी काढून भरवली. "ठीक आहे," ती सभेला म्हणाली, "नुसता ओठ आहे. पण याला बोलायला लावू नका." इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिला जाहीर सभेत म्हणायला मिळालं, याचं समाधान तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

लोक माना उंचावून माझा ओठ बघत होते. मेट्रो तेवढा अंगठा वर करून मला दाखवत होता. त्याला वाटलं मी त्याचा डावपेच मानला.

"मिसेस स्वेन्सन," सरपंचबाई म्हणाल्या, "तुमची हरकत होती."

अम्मा गुडनी काठी टेकत उठल्या. त्यांच्या दुसऱ्या हातात कॉफीचा कप होता आणि तो त्यांनी खाली ठेवला नाही.

"माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून यांच्या दोन खुर्च्या दिसतात," त्या म्हणाल्या. "या उन्हाळ्यात एकीतच माणूस बसतं. आधी मला वाटलं, दोघांचं बिनसलं. मग कळलं, डास. बरं. आता हा व्हरांडा बांधतोय. डार्लाने मला नकाशा दाखवला. दार कुठे आहे? यांच्या घरात. माझ्या बाजूला काय? नुसती जाळी. म्हणजे हे तिघं आत बसणार, त्यांचं बोलणं मला नीट ऐकू येणार नाही, आणि मी माझ्या खिडकीत. यापुढे मी काय जाळीतून कॉफी प्यायची?"

"म्हणजे व्हरांड्याला तुमचा विरोध नाही?"

"व्हरांडा हवाच आहे. मला माझ्या बाजूला दार हवंय. आणि कुंपणाला फाटक. इतक्या वर्षांत यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही. शिकलेली माणसं!"

मी काहीतरी म्हणालो. काय ते कोणाला समजलं नाही, बरं झालं; कारण डोळेही जरा भरले होते, आणि ते डासामुळे आहे असंच सगळ्यांनी धरलं.

सरपंचबाईंनी मत मागितलं. बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत. सगळे वर झाले, श्युचुकांचा सोडून. तेवढ्यात त्यांच्या कानाशी काहीतरी गुणगुणलं आणि त्यांनी ते मारायला हात उचलला.

"एकमताने मंजूर," सरपंचबाई म्हणाल्या आणि हातोडा आपटला. श्युचुक अजून सांगतात की आपण तटस्थ होतो.

व्हरांडा ऑगस्टच्या सुरुवातीला पुरा झाला. तो किंचित कललाय, पण हद्दीपासून दूर. डार्ला येऊन टेपने मोजून गेली, आणि जाता जाता म्हणाली, "अंदाजे बरोबर आहे, सर." तिच्या बाजूने हे फार मोठं प्रमाणपत्र होतं. मेट्रोने फाटक बसवलं. ते आपोआप उघडतं. लावायला मात्र दोघं लागतात.

पहिल्या संध्याकाळी मी आत खुर्चीत बसलो. सिग्रुन शेजारी. जाळीबाहेर डासांचा ढग घोंगावत होता, सरोवराकडून वारा येत होता, आणि त्या दोन्हींतला फक्त वारा आत येत होता. मेट्रो बियांची पिशवी घेऊन कोपऱ्यात बसला. फाटक वाजलं आणि अम्मा गुडनी आपल्या दाराने आल्या. हातात विनार्टर्टाची ताटली, आलुबुखाराचे थर भरलेला त्यांचा तो केक, जो त्या नाताळशिवाय कधी करत नाहीत.

पण त्या दारातच थांबल्या. वाटेत त्यांना त्यांच्या नवऱ्याची एक गोष्ट आठवली होती. एका हिवाळ्यात तो बर्फावर मासे पकडायला गेला आणि स्वतःचाच ट्रक गमावून बसला, ती. गोष्ट सांगायला त्यांना एक हात मोकळा लागतो, दुसऱ्यात ताटली, त्यामुळे दार त्यांनी पाठीने उघडं धरून ठेवलं होतं.

"अम्मा, दार!" सिग्रुन म्हणाली.

"लावते, लावते. एवढं सांगून झालं की. तर ट्रक हळूहळू खाली चाललाय, आणि हा छपरावर उभा राहून काय म्हणतो..."

"अम्मा, आत या ना," मेट्रो म्हणाला.

"मध्ये बोलू नकोस."

त्यांच्या डोक्यावरून, खांद्यावरून, काखेखालून डास आत येत होते. बाहेरचा अर्धा ढग आत आला असेल. एक माझ्या घोट्यावर बसलेला मला दिसला. सिग्रुनने माझ्याकडे पाहिलं, पर्सकडे हात नेला, आणि गोळी माझ्यापुढे धरली.

मी गोळी घेतली, मोजा वर ओढला आणि अम्मांना विचारलं, "मग? छपरावरून काय म्हणाला तो?"